माझा शेवटचा नंबर

ओफेलियाताई,

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू वांकायोच्या अख्ख्या बाजाराला हसवशील.

मारलेनीने मला पेरूहून इथे अमेरिकेत, पॅटरसनला आणलं, तेव्हापासून पोर दर महिन्याला माझ्या आरोग्यविम्याचा हप्ता भरते. त्यासाठी रविवारीही कामावर जाते. मला वाटलं, ही इथली भिशीच. आपल्या भिशीत मी कायम शेवटचा नंबर घ्यायचे, तसंच इथेही ठरवलं. वर्षभर दिसायला कमी होत गेलं, तरी डॉक्टरचं नाव काढलं नाही. म्हटलं, सगळी रक्कम एकदम लेकीच्या हातात पडेल.

काल विचारलं, "आपला नंबर कधी गं लागतो?"

ती आधी हसली. मग गॅस बंद करून खालीच बसली. "ममा, ही भिशी नाही. वापरलं नाही तर गेलं! काय लपवलंस तू?"

"डावा डोळा," मी म्हणाले. "जरा अंधुक दिसतं."

उद्या दाखवायला जायचंय. उजव्याचं अजून सांगितलेलं नाही. एकाचंच तिला इतकं लागलंय. पत्र न टाकण्याचं खरं कारण तेच, ताई. माझ्या ओळी एकमेकींवर चढलेल्या बघून तू लगेच ओळखशील आणि तिला फोन करशील.

तुझी धाकटी,
सेनोबिया