एकमेकांना चिकटलेले डाग

३ मार्च
पुन्हा तेच! रक्ताचा थेंब लावून द्रावकात टांगलेला कागद वाळवला, डाग उमटवणारा फवारा मारला, गरम केला — आणि वरती एकच लांबुळका जांभळा डाग. वॉर्डातल्या त्या बाळाच्या रक्तात काहीतरी भलतंच वाढलंय, एवढं कळतंय. काय, ते नाही. प्रथिनांतलं ल्युसीन असेल तर एक आजार, फिनाइलअलानिन असेल तर दुसरा, आणि दोन्हींत बाळाला द्यायचं दूध वेगळं. पण माझ्या ब्युटेनॉल-ॲसिडच्या मिश्रणात ही दोघं गळ्यात गळे घालून कागद चढतात.
डॉक्टर म्हणे, "ताई, काहीतरी एक सांगा हो." मी काय, छापा-काटा करू?

४ मार्च
मिश्रणात पाणी वाढवलं. सगळेच डाग वरच्या काठाला जाऊन बसले.

५ मार्च
पाणी कमी केलं. सगळे खालीच ठिय्या देऊन! दिवस अक्षरशः पाण्यात. घरी सासूबाई, "अगं, हा वास कसला?" ब्युटेनॉलचा. जेवताना ह्यांनी खुर्ची सरकवून घेतली.

६ मार्च
बाळाची आई प्रयोगशाळेच्या दाराशी बसून असते. काही विचारत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
शेवटी प्रमुख बाईंकडे गेले. म्हटलं, कागदच खराब आलाय.
"कागदाला बोल लावू नकोस. कागद पाणी धरून बसतो, द्रावक वर धावतो. कुणाजवळ किती रमायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तुझ्या द्रावकात दोघांचं मत एकच पडतंय. द्रावकच बदल. ॲसिड काढ, अमोनिया घाल."
हे आधी सांगायला काय झालं होतं?

७ मार्च
अमोनियानं डोळे चुरचुरले. डाग एकमेकांपासून जरा दूर सरकले, पण हात सोडेनात. वैताग! ब्युटेनॉलही बदललं, दुसरं अल्कोहोल घेतलं, थोडं किटोन घातलं. कागद टाकीत टांगून घरी आले.

८ मार्च
सुटले! दोघांच्या मध्ये स्वच्छ पांढरा कागद. शेजारी ओळखीचे नमुने लावले होते — बाळाचा मोठा डाग थेट फिनाइलअलानिनच्या ओळीत. बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं, मग सही केली. डॉक्टरांनी लगेच दूध बदललं. "वेळेत सापडलं. उशीर झाला असता तर मेंदू कायमचा अधू राहिला असता. आता बाळ नीट वाढेल," म्हणाले. मी जिन्यात बसून रडले.

१० मार्च
बाळाची आई आज आत आली. कडेवर थोरली मुलगी, पाचेक वर्षांची. अजून बोलत नाही, उभी राहत नाही.
"ताई, हिचंही रक्त बघाल का?"
कागद कापला. टाकी भरली. तो मोठा डाग दिसूच नये, असं आज पहिल्यांदा वाटतंय.