चषकावरची रिकामी जागा

मी, खाली सही करणारी, धंद्याने चांदीवर अक्षरे ठोकणारी, वयाने सत्तरीपार, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही असे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे, पण मी तो मानलेला नाही, असे समजावे. उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात काळजीचे काही कारण नाही, आणि मग मान खाली घालून कागद चाळत बसतात. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. आधीचे एकही नाही, पण वकील म्हणाले लिहा, म्हणून लिहिले.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या खोल्या आणि मागची गच्ची, मुलगा आणि मुलगी यांना समान. मुलाने बहिणीला "तुझं काय, तुझं मोठं घर आहे" असे ऐकवू नये. ते घर तिच्या नवऱ्याचे आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक, इस्पितळाचे बिल भागवून जी उरेल ती, सुनेला. या घरात माझी बोलणी तिने सर्वांत जास्त खाल्ली आणि एकदाच उलट उत्तर दिले. त्या वेळी तिचेच बरोबर होते.

कलम ३. खालची कार्यशाळा, ऐरण, राळेचे भांडे, हातोड्या आणि अक्षरांचे पोलादी ठसे मुलाला. याला एक अट आहे. ती का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या चषकावर विजेत्याचे नाव ठोकण्याचे काम पहिल्या मोसमापासून आमच्या घरात आहे. आधी वडील, मग मी, आता मुलगा. सगळी नावे त्याच ठशांनी ठोकायची हा महासंघाचा नियम. पहिले विजेते रेल्वे. त्यानंतर पोलीस, आणि ते लागोपाठ इतक्यांदा की लोक सामन्याला जायचे बंद झाले. एकदा टपाल खाते जिंकले, शेवटच्या सामन्यात पेनल्टीवर. त्यांचा एक धिप्पाड बचावपटू नाव ठोकताना बघायला आला आणि कोपऱ्यात उभा राहून ढसाढसा रडला. मग नगरपालिका, आणि मग बँकेचे दिवस. त्यांच्याकडे पैसा होता, त्यामुळे दुसऱ्या संघात कुणी बरा खेळू लागला की पुढच्या मोसमात तो बँकेत कारकून झालेला असायचा. ते इतक्या वेळा जिंकले की ब चा ठसा झिजला. अलीकडे विमा कंपनी आणि बँक आलटून पालटून.

बँकेचे सलग विजय जिथे थांबतात तिथे एक जागा रिकामी आहे. त्या वर्षी गोदी जिंकली होती. माल उचलणारे आणि यारी, म्हणजे क्रेन, चालवणारे लोक, पाळी संपल्यावर गोदामामागे सराव करणारे. शेवटच्या सामन्यात बँकेला नुसती बरोबरी पुरली असती. गोदीच्या गोलरक्षकाने काही आत जाऊ दिले नाही, आणि एका गोलने चषक गोदीला मिळाला. तो गोलरक्षक पुढे माझा नवरा झाला. वडिलांनी नाव ठोकले. मग गोदीत संप झाला, सगळा संघ संपात उतरला, आणि महासंघाने संघ बाद करून जाहीर केले की त्या मोसमाला विजेताच नाही.

नाव खरवडायचे कामही वडिलांकडेच आले. दोन अधिकारी समोर बसले होते. वडिलांनी पत्रा कागदासारखा पातळ होईपर्यंत खरवडला आणि घासून लख्ख केला. ते गेल्यावर वडिलांनी चषक उलटा केला, खालची लाकडी चकती काढली आणि मला म्हणाले, "वरून गेलं. आत हात घालून बघ."

अक्षर बाहेरून ठोकले की आतल्या बाजूला उठते. बाहेरचे खरवडता येते, आतले तसेच राहते. मी हात घातला. उलटी अक्षरे उजवीकडून डावीकडे माझ्या बोटांना लागली. गोदी.

दरवर्षी चषक नव्या नावासाठी आमच्याकडे यायचा. माझा नवरा चकती काढायचा, आत हात घालून थोडा वेळ बसायचा, हात धुवायचा आणि चहा मागायचा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. बाहेर कळले असते तर महासंघाने आतूनही सपाट करून घेतले असते. तो गेला तेव्हा वर्तमानपत्राने त्याला "माजी खेळाडू" म्हटले. विजेता म्हटले नाही. ते मला अजून सलते.

आता महासंघाचा वर्धापनदिन आहे. आमचे जावईबापू महासंघाचे सचिव आहेत. त्यांचे म्हणणे, फोटोत ती जागा दात पडल्यासारखी दिसते, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या बँकेचे नाव तिथे घालावे. आदेश निघाला, चषक कार्यशाळेत आला आणि मुलाने तो ठेवून घेतला. त्या दिवसापासून आम्ही माय-लेक जेवणापुरते बोलतो. तो एवढेच म्हणाला, "आई, मी नाही म्हटलं तर ते मशीनवर करून घेतील. आपलं काम जाईल, आणि नाव तेच येईल."

त्याचे खोटे नाही. पण त्याला हे ठाऊक नाही की तिथे दुसरे नाव ठोकले की आतली अक्षरे कायमची चेपली जातील. मी आजवर त्याला सांगितले नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही आणि मेहुण्याशी त्याचे फार गूळपीठ आहे. उद्या मी टेबलावर असेन आणि तो हातोडी घेऊन बसेल, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही. शस्त्रक्रियेची मला एवढी भीती वाटत नाही.

तर अट अशी. हातोडी उचलण्याआधी मुलाने आत हात घालावा आणि बोटांनी वाचावे. वाचूनही बँक ठोकता आली तर ठोकावी. मात्र मग सगळे ठसे महासंघाला देऊन टाकावेत, या घरात ठेवू नयेत.

कलम ४. ब चा ठसा मुलीला. तो आज सकाळीच तिच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला कशाला अडकवतेस यात?" मी म्हटले, "तू अडकलेलीच आहेस. एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ." तो तिने कुणाला द्यावा की कपाटात ठेवावा, हे तिचे तिने ठरवावे. ती ठसा पर्समध्ये टाकून, चहा न पिता गेली.

कलम ५. नवऱ्याचे गोलरक्षकाचे हातमोजे मुलाला. उजव्या मोज्याच्या अंगठ्यात द चा ठसा आहे. द लागणारा दुसरा कुठलाच संघ आजवर जिंकला नाही. वडिलांनी तो परत पेटीत ठेवला नाही, मीही नाही.

कलम ६. जावईबापूंना कार्यशाळेतली आखूड पायाची खुर्ची. तिच्यावर बसूनच त्यांनी मला इतिहास समजावून सांगितला होता.

पुरवणी. साक्षीदारांची वाट पाहत असताना मुलगा वर आला, म्हणून हे लिहिते. ब चा ठसा सापडेना म्हणून तो बहिणीकडे गेला होता. तिने तो दिला नाही. आधी चषकात हात घाल, एवढेच ती म्हणाली. त्याचा हात चांदीच्या काळ्याने मनगटापर्यंत माखला होता. माझ्या स्वच्छ चादरीवर तो तसाच बसला आणि मी त्याला उठवले नाही.

त्याने विचारले, "बाबांना माहीत होतं?"

मी म्हटले, "दरवर्षी बघायचे."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "द कुठे ठेवलायस?"

मी सांगितले. महासंघाला काय उत्तर देणार असे विचारले, तर म्हणाला, त्याच ठशांनी ठोकलं, नियमाप्रमाणे. काम जाईल हे आम्हां दोघांनाही कळते.

सबब कलम ३ मधली अट मी स्वखुशीने रद्द करत आहे. कार्यशाळा आणि ठसे मुलाचे, विनाअट.

सही: लिहून देणार, अक्षरे ठोकणारी

साक्षीदार: १. समोरचा शिंपी (सही). २. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही).

लिहून देणार बाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या शुद्धीत होत्या. खालून हातोडीचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत त्यांनी आम्हाला बोलू दिले नाही.

ठिकाण: राहते घर, वरची खोली. दिनांक: इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवशी.