अंगणातली दलदल

४ मे, रविवार
शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीचं फर्मान आलंय. बारावीच्या वर्गाने 'शाश्वत परिसंस्था' प्रत्यक्ष दाखवायची, पंधरा तारखेला पाहुणे बघायला येणार. हेडमास्तर उस्ताद जब्बार म्हणाले, "सित्त नज्ला, तुम्ही वर्गाच्या बाई, अगदी खरी दिसली पाहिजे हं." मी खिडकी उघडून दाखवली. बाहेर आमची दक्षिण इराकची दलदल — हजारो वर्षं शाश्वत होती बिचारी, यंदा तडे गेलेत. म्हणे, "ती नको. ती वाळलीय. अंगणात हौद बांधू."
म्हणजे दलदलीत दलदल. गोडं पाणी टँकरने येणार. डोळ्यांचं पारणं फिटणार माझ्या.

६ मे, मंगळवार
फख्रीया म्हणाली, "सित्त, आम्ही चाललो." बोरूच्या झोपड्यांतून बारावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी! जूनमध्ये परीक्षा. पण खारट पाणी पिऊन म्हशी आंधळ्या व्हायला लागल्यात, म्हणून बाप त्यांना घेऊन वर फुरात नदीच्या काठी निघालाय.
संध्याकाळी भांडायलाच गेले. बाप हाशूश. त्याने चहा दिला, सोबत म्हशीच्या दुधाची साय. मी म्हटलं, महिनाभर थांबा. "सित्त, परीक्षा पुढच्या वर्षी परत येते. मेलेली म्हैस येते का?" पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला, तेवढंच.
मला ही मुलगी जायला नकोय. नुसता संताप होतोय.

११ मे, रविवार
हौद तयार. बोरू रोवले, बाजारातले मासे सोडले. बेडूक एकच — तोही उदास. म्हैस हवीच म्हणून उस्तादांनी बसऱ्याहून प्लास्टिकची मागवली. ती निघाली विलायती गाय, काळी-पांढरी. शिपायाने बूटपॉलिश फासून तिची म्हैस केली. उस्ताद लांबून बघून म्हणाले, "हुबेहूब." वर्ग हसून लोळला.

१२ मे, सोमवार
बेडूक पळाला. शहाणा निघाला.

१५ मे, गुरुवार
पाहुणे आले. चष्मे पुसून हौद बघितला, वा वा झालं. मी अन्नसाखळी समजावली — जांभया. मग फख्रीया बोलली. आमच्या म्हशींना नावं असतात, एकट्या चरायला जातात, हाकेसरशी घरी येतात. मुख्य साहेब खूश. "मारून दाखव की एक हाक."
आणि पोरीने मारली. अगदी बेंबीच्या देठापासून — "गुमराऽऽ!" भिंतीपलीकडेच तिच्या बापाचा कळप निघायच्या तयारीत उभा होता, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे इथली!
फाटक आडवं झालं. गुमरा पुढे, कळप मागे. बोरू फस्त, पाणी अर्धं, उरलेल्यात तिघी बसल्या. बूटपॉलिशवाली पायाखाली गेली. पाहुणे वरच्या मजल्यावर, उस्ताद टेबलावर. तिथून मला म्हणतात, "सित्त, यांना नावाने सांगा ना उठायला."
नोकरी गेलीच म्हणायची. मुलगीही जाणार.

२० मे, मंगळवार
पत्र आलं. उस्तादांनी उघडलं. साहेबांना 'जिवंत प्रात्यक्षिक' फार आवडलं म्हणे! त्यांना वाटलं, आम्ही ठरवून केलं. जूनअखेर त्यांचे साहेब येणार, तोवर म्हशींसकट हौद असाच ठेवावा. रोज एक टँकर, सरकारी खर्चाने.
उस्ताद मला म्हणतात, "मी सांगत होतोच, म्हैस खरी हवी." हो तर. तुम्हीच सांगत होतात.
हाशूश परीक्षेपर्यंत थांबतोय. संडासात जाऊन रडले. खूप बरं वाटलं.

२५ मे, रविवार
सकाळपासून नव्या फाटकाबाहेर अख्ख्या गावाच्या म्हशी पाण्यासाठी उभ्या आहेत. त्यांच्या पाठीवर हात ठेवून माझाच बारावीचा वर्ग. नुसते बघताहेत. टँकर रोज एकच, हाशूशच्या कळपापुरता. आत फख्रीया खाली मान घालून बसलीय.
किल्ली माझ्याकडे. कुलूप अजून काढलेलं नाही.