पाळ बांधायचा मंत्र

२२ ऑगस्ट

गुरू उमरावबाबांनी पोथीतलं शेवटचं पान तिला दिलं. पुष्पांजलीला! लग्नाआधीपासून मी त्यांच्या दारात राबतेय, आणि पान मिळालं कालच्या पोरीला.

२३ ऑगस्ट

झोप नाही. आम्हा मांत्रिकांत पोथ्या उरल्याच किती! मंत्र वाचला की पान कोरं, मंत्र वाचणाऱ्याच्या तोंडी. दुसऱ्याला द्यायचा तर स्वतः लिहून द्यायचा — आणि लिहिला की आपल्या तोंडातून गेला. शिवाय घेणारा वाचेपर्यंत देणाऱ्याने त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर पान कोरं. मग लिहितो कोण? आमगावचा कैलाश धानाची कीड उतरवायचा. पोराने पाय धरले, तरी मंत्र घेऊनच सरणावर चढला. पोरींची लग्नंसुद्धा बापाच्या तोंडी काय आहे ते विचारून ठरतात. माझ्या बापाच्या तोंडी शिव्याच होत्या.

आणि तिला मिळाला तो पाळ बांधायचा! तलावाची पाळ फुटायला आली की नुसतं बोलून बांधायची. मला दुसरं काही नकोच होतं कधी.

२९ ऑगस्ट

पंगतीत ती पहिल्या ओळीत. वरण वाढत होते मी. जळते मी तिच्यावर. हो, जळते! इथे कोण वाचतंय?

३ सप्टेंबर

पुष्पांजली आली होती. फडक्यात बांधलेलं पुडकं हातात दिलं. म्हणाली, "बाई, एकटी असशील तवा उघडजो." बस, एवढंच. बसलीही नाही.

देवरीच्या स्टँडवरचे पेढे असणार. मान मिळाल्याचे पेढे, तेही मला! जखमेवर मीठच की. तांदळाच्या कोठीमागे भिरकावलं. खाऊ देत मुंग्या.

१० सप्टेंबर

पाळ फुटली.

सकाळपासून पावसाची झड लागलेली. दुपारी भेग पडली, सगळा गाव पाळीवर धावला. पुष्पांजलीला पुढे केलं. ती गप्प! लोकांनी मातीची पोती टाकली, ती पाण्याबरोबर गेली. आणि ही बाई सारखी माझ्याकडेच बघतेय. शेवटी ओरडले, "माझ्याकडं काऊन पाहून राहिली? बोल ना!"

तिने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं. पाळीखालच्या शेतांतलं, बांध्यांतलं धान आडवं झालं — सुखरामचं, आमचं, तिचंही.

१२ सप्टेंबर

निर्मलाबाई घरोघरी सांगत फिरतेय, पुष्पांजली ढोंगी, मंत्र तिला लागलाच नाही. मीही दोन शब्द जोडले. धान गेलं तरी मनातून बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं.

१५ सप्टेंबर

तांदूळ काढताना पुडकं हाती आलं. मुंग्या लागल्या नव्हत्या.

पेढे नव्हते. एक पान होतं. अक्षर पुष्पांजलीचं. वाचलं, आणि कोरं झालं.

मंत्र आता माझ्या तोंडी आहे. तलावात पाणी नाही.