मंगळवारची हाक

अपाम,
मंगळवार, २३ ऑगस्ट २०१६

प्रिय आतो,

आशीर्वाद. तू, बायको आणि मुलं बरी असाल. टेमाला ऊन आहे का? इथे ऊन नाही आणि पाऊसही नाही, नुसतं आभाळ भरून राहिलं आहे.

सकाळी उठून अंगण झाडलं. शेजारीण आबा मानसाकडून मक्याची केंकी आणि तळलेली मासळी आणली, त्यातली अर्धी खाल्ली. शाळेला सुट्टी आहे. मग किनाऱ्यावरच्या खोलीचं कुलूप काढलं आणि यंत्रासमोर येऊन बसले. तिथूनच हे लिहिते आहे. मंगळवार असल्यामुळे समुद्रावर कोणी नाही. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या आहेत. जाळी दुरुस्त करणारे म्हातारे तेवढे सावलीला बसले आहेत.

तुझं पत्र गेल्या बुधवारी मिळालं. शनिवारी अंत्यविधी आहे, तोपर्यंत यंत्र गप्प करा, असं तू लिहिलंस. लाल-काळे कपडे घालून सगळं गाव जमलेलं असताना दादाचा आवाज भोंग्यातून आला तर आईला सहन होणार नाही, असंही लिहिलंस. तुझं चुकीचं नाही. पण यंत्र सगळंच गप्प करता येत नाही. ते का, हे सांगायला हवं. हे सगळं तू टेमाला गेल्यावर उभं राहिलं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

प्रत्येक होडीत एक बाटली असते. तुझ्या दादाने, फिफीनेच त्या केल्या. आत छोटा ट्रान्समीटर, बाहेर दोरी. होडी अडचणीत आली की तांडेल दोरी ओढतो. इथे खोलीत रिसीव्हर आहे, त्याला ती हाक ऐकू येते आणि तो यंत्राला उठवतो. मग भोंग्यातून फिफीचा आवाज येतो, 'हाक आली आहे! होडी काढा! हाक आली आहे!' ते ऐकून माणसं धावतात.

यंत्र म्हणजे शाळेतून काढून टाकलेला जुना लॅपटॉप. तो ट्रकच्या बॅटरीवर आणि छपरावरच्या सोलर पत्र्यावर चालतो. लाइटचा भरवसा नाही, ते तुला माहीत आहे. सारखा जागा ठेवला तर बॅटरी पुरत नाही, म्हणून तो झोपलेला असतो. झोपवणं, आणि कोणाच्या हाकेने उठायचं ते ठरवणं, हे काम माझं होतं. डाग द्यायचे, तारा जोडायच्या हे फिफीचं आणि कर्नेल बांधायचा माझा. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा. तो बांधताना प्रत्येक सुट्या भागाबद्दल एक प्रश्न येतो, की हा भाग ओळखायचा का? उत्तरं तीनच. हो, नाही, किंवा मधलं. मधलं म्हणजे आत्ता आत घ्यायचं नाही, बाजूला ठेवायचं, पण तो भाग जोडलेला दिसला की कर्नेलने आपण होऊन आत घ्यायचं. 'नाही' म्हटलं तर तो भाग तारेने जोडलेला असला तरी यंत्राच्या लेखी तो नाहीच.

फिफी चेष्टा करायचा. म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुमच्या हातात हजेरीपट आहे. ज्याचं नाव घेतलं नाहीत तो वर्गात असूनही नाही."

जूनमध्ये त्याने दुसरा रिसीव्हर जोडला. जुन्याला लांबच्या होड्यांची हाक नीट पोचत नव्हती, हा फार लांबचं ऐकणार होता. त्यासाठी नव्या प्रकारची बाटली लागते. तशी त्याने एकच केली होती, चाचणीसाठी. यंत्रात प्रत्येक बाटलीला तिच्या होडीचं नाव दिलेलं असतं. ही कुठल्याच होडीची नव्हती, म्हणून त्याने माझं नाव टाकलं. तीच घेऊन तो त्या सोमवारी मामांच्या लहान होडीतून गेला. पुढचं तुला माहीत आहे. होडी खडकांपाशी सापडली, तो सापडला नाही.

तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी भोंगा वाजला. मी घरी होते. त्याचा आवाज ऐकला आणि हातातलं भांडं तसंच धरून किनाऱ्यावर आले. माझ्या आधी माणसं पोचली होती. मच्छीमारांचे नाईक एसेल नाना काठी टेकत होड्यांच्या रांगेपुढून चालत होते. सगळ्या होड्या वाळूवर होत्या. बाटल्या झोपड्यांत खुंटीला टांगलेल्या होत्या, पोरांनी एकेक काढून आणून दाखवली.

"पोरी," नाना मला म्हणाले, "आज मंगळवार. आज समुद्राचा दिवस, आत कोणी जात नाही. मग हा कोणासाठी ओरडतो आहे?"

मी म्हटलं, "बघते नाना. काहीतरी बिघडलं असेल."

"लवकर बघ. मंगळवारी होडी काढा म्हणणारा आवाज मला बरा वाटत नाही."

आबा मानसा मासळीला धुरी द्यायचं सोडून आली होती. वातावरण हलकं करायला म्हणाली, "जिवंत होता तेव्हा जेवायला दहा हाका मारल्या तरी येत नव्हता. आता स्वतःच हाका मारतोय होय रे?" कोणी हसलं नाही. मग ती पदराने हात पुसत माझ्याबरोबर खोलीपर्यंत आली. आत मात्र आली नाही.

मी आधी नेहमीचे संशय काढले. झाकणाचा खटका, घड्याळ, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, यांची यंत्राला उठवायची परवानगी एकेक करून काढली. यंत्राला कोणी उठवलं ते आत नोंदलेलं असतं. ते मी सगळ्यात शेवटी पाहिलं. ते आधी पाहायला हवं होतं, हे मला कळत होतं. नव्या रिसीव्हरने उठवलं होतं. खाली माझं नाव होतं, एकुआ.

त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. तेच नाव. हाकेचा जोर किती होता तो आकडाही तिथे दिसतो. तो आदल्या वेळेपेक्षा मोठा होता.

मंगळवारीच का, हे मला सांगता येतं. एरवी किनाऱ्यावर इंजिनं चालू असतात, त्यांच्या ठिणग्यांची खरखर रिसीव्हरमध्ये येते. तिच्यात बारीक हाक बुडून जाते. मंगळवारी एकही इंजिन चालत नाही. एवढंच. पण दोरी ओढल्याशिवाय ती बाटली बोलत नाही. ती लाटेनेही ओढली जाऊ शकते.

लहानपणी तुमची आजी काय सांगायची ते तुला आठवत असेल. माझ्या आजीनेही तेच सांगितलं होतं. माणूस दिसत नसताना तुमचं नाव ऐकू आलं तर ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा आलं तरी नाही. जे जिवंत नाही ते दोनदाच हाक मारतं, जिवंत माणूस तिसऱ्यांदा मारतो. फिफी याला हसायचा, पण अंगणातून कोणी बोलावलं तर तोही तिसऱ्या हाकेलाच उठायचा.

म्हणून मी तुझं ऐकलं नाही. आजचा मंगळवार होऊ दे, म्हणून थांबले.

या थांबण्याने काय झालं तेही लिहिते. नवा रिसीव्हर सतत कान देऊन असतो, त्यामुळे यंत्राला गाढ झोप लागत नाही, नुसती डुलकी लागते. असं आभाळ असलं की बॅटरी भरत नाही आणि आठवड्याच्या मध्यातच संपते. गेल्या गुरुवारी ओटू भावांच्या होडीचं इंजिन बंद पडलं. त्यांनी दोरी ओढली. जुन्या रिसीव्हरने ऐकलं असतं, पण यंत्र मेलेलं होतं. भोंगा वाजला नाही. ते रात्रभर वाहत गेले, सकाळी दुसऱ्या गावच्या होडीने त्यांना बांधून आणलं. धाकट्याला ताप आहे, बाकी ठीक.

नाना त्या दिवशी माझ्याकडे आले. बसले नाहीत. "जो नाही त्याच्यासाठी कान उघडा ठेवलास," एवढंच म्हणाले, "आणि जे आहेत त्यांच्यासाठी बंद." मग दारातून वळून म्हणाले, "तुला बोलायला नको होतं मी. पण बोललो."

ते बरोबर बोलले.

दुपार झाली आहे. अजून काही नाही. थोडा वेळ लिहिणं थांबवते.

*

पाच वाजून गेले. आबा मानसा दाराशी चहा ठेवून गेली. "आज तरी घरी जेव," म्हणाली. "दोन ताटं मांडू नकोस. मी भिंतीवरून बघते सगळं, आंधळी नाही मी."

दिवसभरात हाक आली नाही. मी नोंद पुन्हा पुन्हा पाहिली. आज यंत्राला कोणी उठवलं नाही. रिसीव्हर चालू होता, तार घट्ट होती, बॅटरी सकाळपासून लाइटवर भरून घेतली होती. किनारा इतका शांत होता की वाळूवर कुत्रं चाललं तरी कळत होतं. दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाही.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. मामा समजतात की बाटली होडीत होती आणि होडी उलटल्यावर बुडाली. बाटली होडीत नव्हती. फिफीच्या कमरेला होती. होडीत ठेवली तर पाय लागून दोरी ओढली जाईल, कमरेला बांध, असं तो म्हणाला आणि गाठ मी मारली. ओली झाल्यावर आणखी घट्ट होते ती गाठ, त्यानेच मला शिकवलेली. जाताना म्हणाला, "लांब गेलो की ओढतो. ऐकू आलं का ते सांग." मी इथेच याच खुर्चीवर बसले होते. सोमवार होता, सगळी इंजिनं चालू होती. मला काही ऐकू आलं नाही.

तेव्हा ती हाक कुठून येत होती, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

आता केलं ते सांगते. नवा कर्नेल बाकी सगळा तयारच होता, एका प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं. मधलं उत्तर द्यावं असं मनात आलं. पण मधल्याचा अर्थ मी वर लिहिला आहे. रिसीव्हर तारेने जोडलेला दिसला की कर्नेल त्याला आपण होऊन आत घेतो, आणि पुन्हा सगळं तसंच. म्हणून 'नाही' दिलं. थोड्या वेळात बांधून झाला. यंत्र बंद करून चालू केलं, जुन्या रिसीव्हरची चाचणी घेतली. एक बाटली खुंटीवरून काढून दोरी ओढली, यंत्र लगेच उठलं, फिफीचा आवाज आला. मी भोंगा आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे तो फक्त खोलीत ऐकू आला. मग भोंगा परत जोडला आणि यंत्र झोपवलं. आता त्याला गाढ झोप लागते. पंखासुद्धा थांबतो.

आवाज मी बदलणार नाही. पोरं त्या आवाजाला उठतात. मामांना सांग, शनिवारी विधी चालू असताना तो आवाज आला तर कुठली तरी खरी होडी अडचणीत आहे असं समजायचं, आणि सगळं सोडून निघायचं. आईलाही आधी सांगून ठेव. अंत्यविधीच्या पोस्टरवर छापायला फोटो तू निवड. निळ्या शर्टातला चांगला आहे. तारीख तो गेला त्या सोमवारचीच घाला. तो त्याच दिवशी वारला.

हे लिहून झालं होतं. पत्र दुमडत होते.

नव्या रिसीव्हरवर एक लाल दिवा आहे. त्याची वीज थेट बॅटरीतून येते, कर्नेलशी त्याचा संबंध नाही. काही ऐकू आलं की तो लागतो, एवढंच त्याचं काम. आता तो लागला. थोडा वेळ लागून राहिला आणि विझला. यंत्र झोपलेलंच होतं. त्याच्या लेखी तिथे काहीच जोडलेलं नाही. भोंगा वाजला नाही, किनाऱ्यावर कोणी मान वळवली नाही. पाहिलं ते फक्त मी.

कोणी जवळपास मोटरसायकल चालू केली असेल. मी दारात जाऊन पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

मी उत्तर बदललं नाही, आतो. पण तिथेच दारात उभी राहून समुद्राकडे तोंड करून "ओ" म्हटलं. मोठ्याने नाही.

रिसीव्हरची तार काढायला हवी होती, ती राहू दिली आहे. दिवा फारशी वीज खात नाही.

शनिवारी लवकर निघ, ट्रोट्रोच्या गाड्यांना गर्दी असेल. मी आता घरी निघते. इस्त्रीतले कोळसे लाल झाले की काळं कापड इस्त्री करते.

तुझ्या दादाची विधवा,
एकुआ