सूर्यमाळच्या डवऱ्यातले गोल्फचे चेंडू

जव्हार,
रविवार, सकाळचा दुसरा चहा

तीर्थरूप शांताताईस,

धाकट्या दामोदरचा नमस्कार. आम्ही सगळे इथे कसेबसे आहोत, तुम्ही नाशिकला त्याहून बरे असाल अशी आशा करतो. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींची साखर खाली आली का, की अजून डॉक्टरांचं आणि त्यांचं तेच चाललंय? फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस (लहानपणीही देत नव्हतीस), आणि हे सांगायला मला बरीच वाक्यं लागणार आहेत.

टायपिंगची संस्था बंद झाल्यावर मला सर्वेशच्या कारखान्यात नोकरी लागली, हे तुला माहीत आहे. काम काय हे मात्र मी कधी नीट सांगितलं नाही, कारण मलाच ते सांगताना कसंसं होतं. सर्वेशचे वडील वाड्याच्या रस्त्यावर चपलांचे रबरी तळ बनवायचे. ते गेल्यावर या मुलानं ठरवलं की आपण गोल्फचे चेंडू बनवायचे. परदेशी चेंडू महाग असतात, नवशिके लोक ते झुडपात हरवतात आणि हळहळतात. त्यांना हरवला तरी दुःख होणार नाही असा स्वस्त चेंडू द्यायचा. नाव ठेवलं ‘भरारी’. माझं काम असं, की गिऱ्हाइकांनी संगणकावर लिहिलेले अभिप्राय वाचायचे, त्यांना सभ्य भाषेत उत्तर द्यायचं आणि दर शनिवारी सगळ्याचा सारांश सर्वेशला द्यायचा. चेंडू सुधारायचा तर गिऱ्हाइकाचं ऐकायचं, हे त्याचं ब्रीद. तोवर मी गोल्फ फक्त भाऊजींच्या फोटोत पाहिला होता (तो टोपीतला, ज्यात ते चेंडूकडे न बघता फोटोवाल्याकडे बघतायत).

पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी कळवलं की तिसऱ्या फटक्याला चेंडूची दोन शकलं झाली, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना गेली, आणि यापुढे कुठल्या शकलाला मारायचं हे नियमांत दिलेलं नाही. मी तीस वर्षं सरकारी पत्रांचे नमुने शिकवले. मी लिहिलं, ‘आपले पत्र पावले. प्रकरणी उचित कार्यवाही सुरू आहे.’ त्यांनी दिलेले दोन तारे काढून एक केला. सर्वेशला मात्र तक्रार पटली. त्यानं वरचं आवरण जाड केलं. मग पुण्याच्या एका निवृत्त कर्नलांनी लिहिलं की हा चेंडू नसून धोंडा आहे, हात कोपरापर्यंत बधिर झाला. सर्वेशनं आतला गाभा हलका केला. मग रंग उडायला लागला. रंग बदलला, तर तो उन्हात पिवळा पडून चेंडू शिळ्या लिंबासारखा दिसायला लागला. ताई, तू कधी पोळ्यांचं पीठ भिजवताना पाणी जास्त झालं म्हणून पीठ आणि पीठ जास्त झालं म्हणून पाणी घातलं आहेस का? आमचं वर्षभर तेच चाललं होतं, फक्त त्या कणकेला तारे मिळत होते.

एवढं करूनही एक तक्रार काही हटेना. चेंडू सरळ जात नाही. कुणी लिहायचं उजवीकडे वळतो, कुणी लिहायचं डावीकडे, एका बाईंनी तर लिहिलं की तो निघताना ठरवत नाही, वाटेत ठरवतो. शेवटी सर्वेश म्हणाला की आपणच मोकळ्यावर मारून बघू. गोल्फच्या मैदानावर आमचा चेंडू कोण घेऊ देणार? मोकळं माळरान हवं होतं, आणि आपला मुलूख ओळखणारा माणूस म्हणून मी निघालो. खोडाळ्यापर्यंत एसटीनं, तिथून पुंजाच्या जीपनं सूर्यमाळ. पुंजा एरवी त्याच रस्त्याला टँकर चालवतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि माझं नशीब कामावर होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. भात आणि नागली कधीच निघालेली, शेतं उघडी, माळावर पिवळं गवत. एका पाड्याच्या वरच्या अंगाला जागा बघून मी चेंडू ठेवला, काठी उचलली आणि व्हिडिओत बघितल्याप्रमाणे कंबरेतून वळलो. पहिले पाच फटके मातीला बसले. सहावा चेंडूला बसला. तो समोर गेला, मग त्यानं विचार बदलला, डावीकडे वळला आणि पाड्याच्या कडेला ठेवलेल्या निळ्या पिंपावर जाऊन आदळला. पिंप प्लास्टिकचं, कित्येक उन्हाळे खाऊन कडकडीत झालेलं. तळापासून हातभर चीर गेली. मी धावलो, पण पाण्याला माझ्याहून जास्त घाई होती.

ते पाणी सकाळपासून तीन बायांनी डोक्यावरून आणून भरलेलं होतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. त्यातली एक सुकरी. चाळिशीची असेल, किडकिडीत, शांत. ती ओरडली असती तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तिनं ओली माती बघितली, मला बघितलं, आत जाऊन दोन हंडे आणले आणि माझ्या पायाशी ठेवले.

ताई, तो उतार मी या जन्मात विसरणार नाही. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात त्यांनी डवरा खणलेला आहे, म्हणजे वाळूतला खड्डा, त्यात पाणी झिरपतं आणि ते वाटीनं भरून घ्यायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे मी सांगत नाही, तू रडशील. पहिली खेप करून दुसऱ्या खेपेला मी वाकलो, तेव्हा खांद्यावरच्या पिशवीतले चेंडू घरंगळून डवऱ्यात पडले. मला वाटलं, आता ही बाई मला त्याच खड्ड्यात पुरणार.

चेंडू तरंगत होते. (खरा गोल्फचा चेंडू बुडतो म्हणे. आमचा कर्नलांच्या कृपेनं इतका हलका झाला होता की तरंगत होता.) सुकरी एकेक उचलून बाहेर ठेवायला लागली आणि मध्येच थांबली. एक चेंडू तिनं बोटानं गोल फिरवून सोडला. तो हळूच फिरून पहिल्या जागी आला. पुन्हा फिरवला, पुन्हा आला. दुसरा घेतला, त्याचंही तेच. प्रत्येकाची वर राहायची बाजू ठरलेली. मग ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“साहेब, ह्यो एका अंगाला जड हाय. तुमी कसाबी हाना, त्यो आपल्या जड अंगालाच जानार.”

वर्षभर आम्ही चेंडूची कातडी सोलत आणि रंगवत बसलो होतो, आणि रोग त्याच्या पोटात होता. गाभा मध्यावर बसतच नव्हता. मी उरलेल्या खेपा जवळजवळ आनंदानं केल्या (जवळजवळच, पाठ अजून शेकतोय), आणि तिला नवं पिंप आणून देईन असा शब्द देऊन घरी आलो. पिंप चौथ्या दिवशी पोचतं केलं.

सर्वेशला सांगितलं, तर तो म्हणाला, काका, हा अभिप्राय कुठल्या गिऱ्हाइकाचा? ऑर्डर क्रमांक काय? मी म्हटलं, गिऱ्हाईक नाही, पाण्याला जाणारी बाई आहे. तो हसला आणि म्हणाला की अशानं कोण काय सांगेल याला धरबंध राहणार नाही. आपण फक्त गिऱ्हाइकाचं ऐकतो. मी स्वतः अठरा महिने त्याच्याकडे आहे, पण पगार घेणाऱ्या माणसाचं मत हा त्याच्या लेखी अभिप्राय नसतो, कुरकुर असते.

मग मी करू नये ते केलं. सुकरीच्या नावानं डझनभर चेंडूंची ऑर्डर टाकली, पत्ता सूर्यमाळचा, आणि तिचंच वाक्य जसंच्या तसं अभिप्रायात उतरवलं. खाली एक तारा. (तुझा भाऊ आयुष्यात एवढंच एक खोटं बोलला आहे, दहावीच्या गणिताच्या गुणांचं सोडून.) सर्वेश वाचून उडालाच. दुर्गम डोंगरातली महिला गोल्फपटू, आणि काय ही बारीक नजर! त्यानं त्याच दिवशी साचे उघडले. गाभा धरून ठेवणाऱ्या खिळ्या एका बाजूनं झिजलेल्या निघाल्या. त्या बदलल्या, गाभ्याचं वजन सुधारलं, आणि चेंडू जो सरळ जायला लागला, तो जातोच आहे. कर्नलांनी चार तारे दिले. पाचवा त्यांनी म्हणे अजून कुणालाच दिलेला नाही, पत्नीलासुद्धा.

इथवर वाचून तुला वाटेल की माझं भलं झालं. थांब. सर्वेशनं जाहीर केलं की येत्या शनिवारी तो स्वतः फोटोवाल्याला घेऊन सूर्यमाळला जाणार आणि सुकरीबाईंचा सत्कार करणार. मला त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी जाऊन मी सुकरीला सगळं सांगितलं. तुझ्या नावानं खोटी ऑर्डर टाकली, उद्या मालक येतोय, तू फक्त हो म्हण, अशी विनवणीही केली; लपवत नाही. तिनं नागली पाखडत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ती खोटं बोलणार नाही, पण मी घाबरायचंही कारण नाही.

शनिवारी शाल, श्रीफळ आणि चकचकीत काठी घेऊन सर्वेश आला. पाडा जमला. त्यानं काठी सुकरीच्या हातात दिली आणि एक फटका मारून दाखवायची विनंती केली. तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि सांगितलं की तिला हा खेळ येत नाही, चेंडूही तिनं मागवले नव्हते, या साहेबांनी तिचं पिंप फोडलं तेव्हापासूनची ही ओळख. सर्वेश माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा त्याच्या वडिलांसारखा करडा झाला होता.

“ऑर्डर कुणी टाकली?”

“मी,” म्हटलं.

“आणि तक्रार?”

मी तोंड उघडायच्या आत सुकरी म्हणाली, “तक्रार माजीच हाय. लिवली त्यांनी. चेंडू जड व्हता का नवता, त्ये सांगा.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मग सर्वेश चक्क मातीत बसला आणि त्यानं तिला विचारलं, चेंडू विकण्याआधीच असे तपासता येतील का? खारं पाणी केलं तर आताचा जड चेंडूही तरंगतो, हे त्याला ठाऊक होतं. रोज शेकडो चेंडू फिरवून बघणारी नजर त्याच्याकडे नव्हती. सुकरी म्हणाली, येतील की. ती आणि तिच्याबरोबर पाणी भरणाऱ्या दोघी, माघी आणि पोशी, मिळून करतील, मजुरी रोजच्या रोज. पण पाणी? डवऱ्यातला थेंब मिळणार नाही. पाणी कंपनीनं आणायचं. आणि टँकर एवढा डोंगर चढून येणारच आहे, तर टाक्या दोन बसवायच्या, एक चेंडूंची आणि एक पाड्याची. सर्वेशनं वाटाघाट करून बघितली. टायपिंगच्या परीक्षेत माझी मुलं जशी हरायची, तसा हरला.

आता टाक्या बसल्या आहेत. चेंडू तिथेच निवडून जातात, त्यामुळे तक्रारी येत नाहीत, आणि तक्रारी येत नाहीत म्हणून उत्तरं लिहिणाऱ्या माणसाची गरज राहिलेली नाही. सर्वेशनं मला काढलं नाही, हा त्याचा चांगुलपणा की शिक्षा, मला ठरवता आलेलं नाही. माझी खुर्ची, पंखा आणि संगणक गेला. मला ‘पाणी व चाचणी पर्यवेक्षक’ केलं आहे. म्हणजे मी पुंजाच्या टँकरमध्ये त्याच्या शेजारी बसतो, घाटातल्या प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेतो, वर जाऊन पाण्यात मीठ ढवळतो आणि सुकरी ज्या चेंडूला नाही म्हणेल तो टोपलीत टाकतो. चोपन्नाव्या वर्षी, ताई. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला ‘आपला विश्वासू’ कुठे टंकायचं ते शिकवलं, तो आता मीठ ढवळतो. माझ्यासारख्याचं या जगात काही होणार नाही, हे मी मनाशी धरून टाकलं आहे.

भाऊजींना नमस्कार. तू गुडघ्याला जप.

तुझा हताश भाऊ,
दामोदर

ता. क. भाऊजींच्या ओळखीच्या त्या शाळेत लेखनिकाची जागा निघणार होती, तिचं काय झालं? पगार कितीही चालेल, फक्त खुर्ची असावी आणि वर पंखा. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. मीनाशी यातलं बोलू नकोस. मला बढती मिळाली आहे आणि मी मोखाड्याच्या कचेरीत बसतो, अशी तिची समजूत आहे.

ता. क. दुसरा. कालच एक तक्रार आली. लिहिणारा म्हणतो, हा चेंडू इतका सरळ जातो की आता चूक माझीच असते हे सगळ्यांना कळतं. एक तारा. सर्वेशनं उत्तर लिहायला मुद्दाम मला बोलावलं. मी चार मसुदे केले.

वन्सं, मी मीना. पाकीट पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणून दोनदा बजावलं, म्हणजे वाचणं आलंच. पुंजाची बायको आणि मी एकाच बचत गटात आहोत, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सोमवारी निघायचं असलं की हे रविवारीच डबा घासून ठेवतात. आल्यावर जेवताना सुकरीनं कुठला चेंडू का काढला ते सांगत बसतात, भात गार होतो. काल तर झोपायच्या आधी स्वतःशी हसत होते. तेव्हा शाळेत शब्द टाकू नका. भाऊजींची ती फोटोतली रुंद काठाची टोपी पडून असेल तर तेवढी पाठवा, उन्हानं ह्यांचं टक्कल सोललं आहे.