बोट लावायचं नाही

सोमवार, ४

प्रयोगशाळेत नवे उंदीर आले. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, हे तुमच्या घरच्या दुखण्याचे." म्हणजे मेंदूज्वराचे. विषाणू टोचायचा आणि मेंदू सुजायची वाट बघायची. मी फक्त पिंजरे धुतो. हिला गेल्या वर्षी तोच ताप आला. तेव्हापासून खाटेवर. कूससुद्धा मीच बदलतो.

गुरुवार, ७

रोज सकाळी एकेक उंदीर उताणा ठेवतात. धडधाकट असला तर झटकन पालथा होतो. नाही झाला तर गॅसच्या डब्यात. आज एक नुसताच पाय झाडत होता. राहवलं नाही — बोटानं ढकलून पालथा केला. मॅडम तापल्या. "बोट लावायचं नाही! आता याचं काय ते उद्याच कळणार." कामावरून काढतील का?

घरी हिला सांगितलं. दुसरं बोलायला आहे काय. म्हणाली, "मग मी कुठल्या पिंजऱ्यातली?" आणि हसली. मला नाही हसू आलं.

शुक्रवार, ८

तो रात्रीत मेला, झटके येऊन. "कालच सुटला असता," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बोटानं रात्रभर तडफडला."

शनिवार, ९

मुलाचा फोन. "बाबा, आईला संस्थेत ठेवू. साधी कूस बदलता येत नाही तिला. पाठ सोलून निघेल. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणे, "तुम्हाला कोण बघणार?" हिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "मला नका हो पाठवू."

गुरुवार, १४

झोप नाही. एकच सारखं मनात येतं — हात मीच आधी लावतो, म्हणून तर ती वळत नसेल? वळली तर मुलाला बोलायला जागाच राहणार नाही. पण कळणार कसं?

शनिवार, १६

सकाळी हिला उताणं केलं. उशा काढल्या. मागे सरकून हात पाठीशी धरले.

"अहो, हात द्या."

दिला नाही.

"अहो, दुखतंय."

हललो नाही. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कळलं तिला, कुठला पिंजरा ते. दात आवळले, घामानं भिजली, आणि वळली. एकटीच. भिंतीकडे.

मला रडू आलं, आनंदानं. ती भिंतीकडेच बघत राहिली.

रविवार, १७

मुलाला दारातच सांगितलं, आई वळते, गाडी परत ने. आतून ही म्हणाली, "थांब रे. मी येते तुझ्याबरोबर."